खारे हात

त्यांना नमस्कार केला तर उलट नमस्कार मिळत नसे. ते आधी समोरच्याच्या हातांकडे बघत आणि म्हणत, "हात धुवा."

अमरावतीत जुन्या परकोटाजवळ आमची व्यायामशाळा आहे. तिच्या मागच्या दालनात भिंतीवर एक्केचाळीस कट्यारी, जंबिये आणि सुरे टांगलेले आहेत. गावोगावच्या घरांनी कधीकाळी दिलेले. एक तिवशाच्या शेतकऱ्याने बैलगाडीत घालून आणला होता म्हणतात, दोन तेल्हाऱ्याचे, बाकीचे शहरातलेच. पाती पोलादाची, पण मुठी, मुठीखालची कडी, म्यानाच्या तोंडाची आणि टोकाची टोपणं सगळी पितळेची. या पितळेची राखण ते करत. कोणी नेमलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर एक दिवस दालन बघायला आले, एका मुठीवरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेऊन हुंगलं आणि दुसऱ्या दिवशी घरून फडकं घेऊन आले. तेव्हापासून दालनाची किल्ली त्यांच्याकडे होती.

सगळे त्यांना नाझरसाहेब म्हणत, नाझर म्हणजे कोर्टातला वरचा कारकून. याचा त्यांना राग यायचा. "नाझर मी कदी नव्हतो. मुद्देमाल कारकून होतो," असं ते प्रत्येकाला सांगत आणि प्रत्येक जण पुन्हा नाझरसाहेबच म्हणे. कुठल्याशा कोर्टात मुद्देमालाच्या खोलीवर त्यांची उभी नोकरी गेली होती. खटल्यातले सुरे, कोयते, विळे त्या खोलीत चिठ्ठी बांधून ठेवलेले असत. निकाल लागेपर्यंत त्यांना पुसायचं नाही, धुवायचं नाही, हातही लावायचा नाही. निकाल दहा-दहा वर्षं लागत नसे.

"तीस वर्सं मी सुरे सडताना पाह्यले," ते एकदा म्हणाले. "डोयासमोर. अन पुसायची परवानगी नव्हती. रोज मोजायचे अन कुलूप लावून घरी जायचं."

एवढंच. त्यांच्या या नादाचं कारण विचारणाऱ्याला मी हे वाक्य सांगतो. त्याहून जास्त ते स्वतःबद्दल कधी बोलले नाहीत. लग्न केलं नव्हतं. अकोल्याला एक पुतणी होती, नर्स.

कोर्ट सुटलं तरी कोर्टाची चाकोरी सुटली नव्हती. अकराला दालन उघडायचं, पाचला बंद. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी. दिवसाला एकच हत्यार घ्यायचं, म्हणजे एक्केचाळीस कामाच्या दिवसांत एक फेरी पुरी आणि पुन्हा पहिल्यापासून. एखाद्या दिवशी हत्यार लवकर चकचकीत झालं तर पाचपर्यंत नुसते त्याच्यासमोर बसून राहत, पण दुसरं उतरवत नसत. माणसांनाही ते हुद्द्यानेच हाक मारत. मी व्यायामशाळेचा सचिव होतो, कारण इतिवृत्त लिहायला दुसरं कोणी तयार नव्हतं. माझं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. मी "सचिव".

त्यांची पद्धत मी पाहिली आहे. आधी कोरडं फडकं, जुन्या धोतराचं, शंभरदा धुतलेलं. मग वस्त्रगाळ केलेली खडूची पूड आणि शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब. नक्षीच्या खाचांसाठी कडुनिंबाच्या काडीला गुंडाळलेला कापूस. हा कापूस दुकानातला चालत नसे, सरकी हाताने काढलेला लागे. शेवटी मेळघाटातल्या मेणाचा इतका पातळ हात की तो दिला की नाही हे त्यांनाच कळायचं. चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर यांचं नाव काढलेलं खपत नसे. चिंचेने पितळ लखलखतं हे खरं, पण दोन दिवसच. मग ते तांब्यासारखं लाल दिसायला लागतं, आणि मूठ जिथे पात्याला भेटते तिथे आंबट पाणी मुरून हिरवं फुटतं.

पात्यांकडे त्यांचं फारसं लक्ष नसे. म्हणत, "पातं काय, तेल लावलं का झोपते. पितळ झोपत नाई."

पण त्यांचा खरा विषय होता माणसाचा घाम. त्यांच्या मते माणसं दोन जातींची, खाऱ्या हाताची आणि गोड्या हाताची. खाऱ्या हाताच्या माणसाने मूठ धरली की आठ दिवसांत तिथे बोटं काळी उमटतात. गोड्या हाताच्या माणसाचं नुसतं धुकट सावट येतं आणि फडक्याने जातं. दालनाच्या दारामागे त्यांनी पितळेचा एक पत्रा टांगला होता. कार्यकारिणीत नवीन कोणी आला की त्याला पत्र्यावर अंगठा दाबायला लावायचे आणि खाली चिठ्ठी चिकटवायची. आठ दिवसांनी निकाल.

खजिनदार खारा निघाला. अध्यक्षांचा अंगठा तर तिसऱ्याच दिवशी काळा झाला. ते त्यांनी अध्यक्षांना सांगितलंही, चारचौघांत, रक्तगट सांगावा तसं. माझ्या अंगठ्यापाशी बराच वेळ चष्मा वर-खाली करून म्हणाले, "सचिव, तुमचा हात गोडा हाय. तुमी धरू शकता."

हसण्यासारखी गोष्ट, मला मान्य आहे. पण कार्यकारिणीतल्या आमच्या सात जणांत मूठ धरायची मुभा फक्त मला होती आणि त्याचं मला बरं वाटायचं. शाळेत मी गणित शिकवतो. तिथे माझ्या हाताबद्दल चांगलं बोलणारं कोणी नव्हतं.

दसरा हा त्यांचा वर्षातला वाईट दिवस. शस्त्रपूजेला सगळा मोहल्ला येतो, हळद-कुंकू, अक्षता, पाणी, झेंडू. कुंकू पितळेवर ओलं पडलं आणि राहिलं की डाग धरतं. म्हणून त्यांनी एक तोड काढली होती. प्रत्येक हत्याराखाली एक विड्याचं पान मांडायचं. कुंकू पानावर, मूठ कोरडी. लोक कुरकुर करत, पण पानावर वाहत. फक्त एक आजी दरवर्षी भांडायच्या. त्यांच्या सासरची कट्यार आमच्या भिंतीवर होती, दारातून शिरल्यावर तिसरी.

"देवघरातल्या अन्नपूर्नेले रोज कुंकू लागते," आजी म्हणायच्या. "ते बी पितयेचीच हाय. तिले काई होत नाई, अन तुमच्या कट्यारीले काय होते हो?"

"अन्नपूर्नेले तुमी रोज धुता, बाई," ते म्हणायचे. "हिले रोज कोन धुते? फेरी याले एक्केचाळीस दिवस लागते. मी एकटा मानूस हाओ."

आजी तबक आपटून पानावर कुंकू टाकायच्या आणि निघून जायच्या. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, शब्दही तेच.

ज्या दसऱ्यापासून बिनसलं त्या वर्षी अध्यक्षांनी एक मोठे पाहुणे बोलावले होते. पूजा झाली, आरती झाली, आणि पाहुण्यांनी आजींचीच कट्यार उचलली, सेल्फीसाठी. नुकताच पेढा खाल्लेला हात. पुढे चार-पाच मोबाइल वर झालेले. तेवढ्यात ते गर्दीतून पुढे आले, पाहुण्यांच्या हातातून कट्यार काढून घेतली आणि म्हणाले, "हात धुवा, मंग धरा."

"नाझरसाहेब, पाहुने हायेत ते," अध्यक्ष दबक्या आवाजात म्हणाले.

"पितयेले पाहुने समजत नाईत."

पाहुणे समजूतदार होते. हसले, नळावर जाऊन हात धुऊन आले, फोटो काढून गेले. पण हात धुतानाचाही फोटो कोणीतरी काढला होता आणि तो संध्याकाळपर्यंत गावभर फिरला. अध्यक्षांचा चेहरा पाहून मी ओळखलं की आता काहीतरी होणार.

पुढच्या रविवारी सकाळी सभा झाली. ठराव असा की सर्व हत्यारांना लॅकरचं पारदर्शक वार्निश मारावं, म्हणजे रोज पुसायची कटकट नको. ती काचेच्या कपाटात लावावीत. आणि दालनाची किल्ली कार्यालयात राहावी. ठराव हत्यारांचा नव्हता, किल्लीचा होता. हे सातही जणांना ठाऊक होतं. तिघे बाजूने, तिघे विरुद्ध. माझा हात राहिला.

अध्यक्ष माझ्या शाळेच्या संस्थेवरही होते. एवढं सांगितलं म्हणजे पुरे. मी हात वर केला.

मधल्या भिंतीपलीकडे दालनात ते त्या वेळी आपल्या कामावर होते. रविवार असूनही. भिंत पातळ आहे. मी सांगायला गेलो तेव्हा किल्ली फडक्यात बांधून तयार होती.

"ठराव लिवला का?" त्यांनी विचारलं.

"लिहितो आता."

"लिवा. अन त्यात एक ओय टाका. लॅकर मारायच्या आदी सगळ्यायनं हात धुवाचे. हात लागलेल्या पितयेवर लॅकर मारू नका." मग चष्मा काढला, डबीत ठेवला. "बस. बाकी काई म्हननं नाई."

मला वाटलं ते चिडून बोलताहेत. ती ओळ मी ठरावात घातली नाही. महिन्याभरात ते अकोल्याला पुतणीकडे राहायला गेले. मी त्यांना बसवर सोडायला गेलो नाही. जायला हवं होतं, तोंड नव्हतं.

लॅकरच्या दिवशी अध्यक्षांनी श्रमदान ठेवलं. सकाळी सगळ्यांना गिलावड्याचा नाश्ता. मग अंगणात टबांत चिंचेचं पाणी आणि भांड्यांची पावडर, आणि आम्ही सातही जण बाह्या सरसावून घासायला बसलो. एक्केचाळीस हत्यारं दोन तासांत लखलखली. सतरंजीवर उन्हात वाळली. प्रत्येकाने दोन-चार हातात धरून फोटो काढले. दुपारी फर्निचरवाला पंप घेऊन आला आणि एकामागून एक फवारून गेला; काचेची कपाटं मागाहून यायची होती, ती आलीच नाहीत. ज्या कामाला त्या माणसाला एक्केचाळीस दिवस लागत ते आम्ही एका दिवसात उरकलं, असं अध्यक्ष म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही.

होळीच्या सुमाराला बोटं उमटायला लागली.

आधी एका जंबियावर चार काळसर डाग दिसले. मग शेजारच्या सुऱ्यावर अंगठा. पंधरा दिवसांत एकही मूठ स्वच्छ राहिली नाही. पुसायला जावं तर वरून काच पुसल्यासारखं, गुळगुळीत. डाग आत, लॅकरच्या खाली. रेषान् रेषा दिसत होती. चिंचेचं पाणी जिथे मुरलं होतं तिथून हिरवं बाहेर यायला लागलं. बघायला येणारे विचारू लागले, हे हात कोणाचे? अध्यक्षांनी लॅकरवाल्याला शिव्या घातल्या, मग दालनाला कुलूप घातलं.

त्या कुलपासमोरून मी महिनाभर ये-जा केली. मग वैशाखातल्या एका सकाळी आजींच्या सासरची कट्यार टॉवेलात गुंडाळली, डब्याच्या पिशवीत घातली, कार्यालयातली किल्ली खिशात टाकली आणि अकोल्याची एसटी पकडली. मूर्तिजापूरपर्यंत पिशवी मांडीवर धरून मी घामाघूम बसलो होतो. शेजारच्याने दोनदा विचारलं, डब्यात काय आहे. मी दोन्हीदा भाजी सांगितली.

पुतणीने दार उघडलं. दाराची कडी सोन्यासारखी चमकत होती. आत समई, घंटी, नळाची तोटी, पलंगाच्या पायांची टोपणं, जिथे जिथे पितळ होतं तिथे तिथे डोळे दिपत होते.

"सर, यायले घेऊन जा हो," पुतणी पाणी देत म्हणाली. "ड्यूटीवरून आलं का पयले हात धुवा, मंग कडी धरा. सोताच्या घरात."

ते आतून आले. थोडे वाळले होते. मी पिशवीतून कट्यार काढली तेव्हा त्यांनी आधी पिशवीकडेच पाहिलं.

"बसमधून आनली? पकडलं असतं तं? चिठ्ठी लागली असती तिले. दहा वर्सं कोनी पुसली नसती."

मग खिडकीपाशी नेऊन मूठ फिरवून फिरवून पाहिली. मला वाटलं होतं, बोलतील, आणि मी ऐकून घेणार होतो. ते नुसते वाचत होते.

"हा खजिनदार. बोटावर कापल्याची खून हाय त्याच्या. हा अध्यक्ष, काई बोलायचं कामच नाई." मग थांबले. मुठीच्या माथ्यावर एक अंगठा होता, सगळ्यांत काळा. "हा तुमचा."

"माझा हात तर गोडा आहे ना?" मी म्हणालो.

"हाय." त्यांनी मूठ पुन्हा उजेडात धरली. "त्या दिवशी नसंन."

पुतणी कांदा चिरता चिरता थांबली आणि पुन्हा चिरू लागली.

"ते ओय टाकली होती का ठरावात?" त्यांनी विचारलं.

"नाही."

मी खिशातून किल्ली काढून पुढे केली. त्यांनी घेतली नाही. "ठराव झाला का परत?"

"नाही. मी आपला आलोय."

"तोंडी हुकमावर मुद्देमाल हालत नाई, सचिव. लेखी आना."

त्या उन्हाळ्यात मी आयुष्यात प्रथमच सभेत उभा राहून बोललो. कट्यार टेबलावर ठेवली, माझा अंगठा कोणता ते दाखवलं आणि म्हणालो, ज्याला आपला ओळखायचा असेल त्याने ओळखावा. कोणी ओळखला नाही, पण सगळे आपापले हात मांडीवर घेऊन बसले होते. लॅकर काढून किल्ली त्यांच्याकडे परत द्यायचा ठराव पाच विरुद्ध दोन असा झाला. अध्यक्ष पुढे वर्षभर शाळेत माझ्याशी बोलले नाहीत. जीव गेला नाही माझा. ठरावात मी ती हात धुवायची ओळ सगळ्यांत वर घातली आणि प्रत टपालाने पाठवली. चौथ्या दिवशी ते पिशवी आणि फडकं घेऊन हजर.

लॅकर काढायला थिनर लागतो, कापूस लागतो आणि वेळ लागतो. एकेका मुठीला तीन-तीन दिवस जात, म्हणून त्यांना पहिल्यांदाच दिवसाला एक हा नियम मोडून दोन-तीन हत्यारं एकदम घ्यावी लागली, दसरा जवळ येत होता. मी शाळेतून सुटलो की जात असे आणि कापसाचे बोळे करून देत असे. चाळीस झाल्यावर त्यांनी आजींची कट्यार माझ्यापुढे सरकवली. "हे तुमी काढा."

मी काढली. लॅकर गेलं, खजिनदार गेला, अध्यक्ष गेले. माझा अंगठा फिकट झाला, पण गेला नाही. मी जोर लावून घासायला लागलो तशी त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांबा. याच्या पुढं गेलं तं पितळ जाईन." मग फडकं माझ्या हातातून घेऊन त्यावर मेणाचा हात दिला आणि कट्यार तिच्या जागी, तिसऱ्या खिळ्याला टांगली. ते गेल्याला आता दोन वर्षं झाली. अंगठा तिथे आहे, उजेड तिरका पडला की दिसतो.

लॅकर काढलं त्याच वर्षीच्या दसऱ्याला मी बाजारातून विड्याची पानं आणली आणि सवयीने एकेका हत्याराखाली मांडली. नळावर आंघोळीइतके हात धुऊन लोक आत येऊ लागले. आजी तबक घेऊन तिसऱ्या कट्यारीपुढे आल्या, पदर खोचला आणि भांडायला तोंड उघडलं. बघतात तो पान नाही. सगळीच पानं कोणीतरी उचलून कोपऱ्यात रचून ठेवली होती.

"पान कुठं हाय?" आजींनी विचारलं.

"यंदा पान नाई," ते म्हणाले. "लावा मुठीवरच."

आजींचा विश्वास बसेना. "अन डाग पडला तं?"

"पडू द्या. धुनारे दोघं हाओत आता."

आजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही. तरी त्यांनी बोट कुंकवात बुडवलं आणि मुठीवर चांगलं ठळक ओढलं. त्यांच्यामागून बाकीच्या बायका आल्या. दुपारपर्यंत एक्केचाळीस मुठी लाल झाल्या होत्या. ते भिंतीशी खुर्ची टाकून बसले होते. प्रत्येक हाताकडे बघत होते, पण एकदाही उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी सकाळी सातला गेलो. दालन उघडं होतं, अकरा वाजायच्या आधी, त्यांच्या हयातीत पहिल्यांदा. सतरंजी टाकलेली, खडूच्या पुडीच्या दोन वाट्या, दोन फडकी. मी चपला काढून समोर बसायला वाकलो. त्यांनी मान वर केली आणि माझ्या हातांकडे पाहिलं.

"हात धुवा," ते म्हणाले.

मी घरून धुऊन आलो होतो. उठलो आणि पुन्हा धुतले.